पर्यावरण मंजुरी पोर्टलवर गेली, अहवाल मात्र कागदीच राहिला

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या पर्यावरण अहवालात लिहिलं होतं, की परिसरातले पक्षी प्रामुख्याने स्प्रूसच्या आणि पाइन-बर्चच्या मिश्र जंगलात राहतात. कोकणात ऐन, किंजळ, आंबा, काजू हवे तेवढे सापडतील. बर्च म्हणजे भूर्जपत्राच्या कुळातलं झाड, त्यासाठी हिमालय गाठावा लागेल. रशियातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातला तो मजकूर जसाच्या तसा उचलला होता. ही दोन हजारच्या दशकातली गोष्ट. या क्षेत्रातली माणसं अजूनही ती हसत हसत सांगतात. पण सल्लागाराने लिहिलेला आणि कंपनीने सादर केलेला तो अहवाल या दोन्ही टेबलांवरून कोणालाही न खटकता पुढे गेला होता, हे विसरून चालणार नाही.

आज तोच अहवाल पोर्टलवर टाकला तर चोरी पकडली जाईल का? बहुतेक नाही. आपण अर्ज ऑनलाइन केला, पण अहवालाच्या आतली माहिती ऑनलाइन केलेली नाही. हा फरक नेमका काय, ते पाहू.

आधी मूळ व्यवस्था थोडक्यात. धरण, खाण, बंदर, औष्णिक वीज केंद्र, मोठी इमारत असं काही उभं करण्याआधी त्याचा हवा, पाणी, जमीन, जंगल आणि माणसांवर काय परिणाम होईल ते तपासायचं आणि मग परवानगी द्यायची की नाही हे ठरवायचं, याला पर्यावरणीय आघात मूल्यांकन म्हणतात. बोलताना सगळे ‘ईआयए’ म्हणतात, आणि शेवटी मिळणाऱ्या मंजुरीला ‘ईसी’. अमेरिकेने 1970 पासून हे कायद्याने सुरू केलं. आपल्याकडे भोपाळच्या वायुकांडानंतर 1986 साली पर्यावरण संरक्षण कायदा आला, त्याखाली 1994 मध्ये पहिली ईआयए अधिसूचना निघाली आणि 14 सप्टेंबर 2006 ला तिची जागा घेणारी दुसरी. असंख्य दुरुस्त्यांसह आजही तीच चालते. मोठे प्रकल्प दिल्लीत केंद्रीय मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीपुढे जातात, बाकीचे राज्याच्या प्राधिकरणापुढे. प्रकल्प कोणत्या गटात बसतो ते ठरवायचं, अभ्यास कशाकशाचा करायचा ते ठरवायचं, लोकांचं म्हणणं ऐकायचं आणि मग तज्ज्ञांनी छाननी करायची, असे त्याचे टप्पे. अभ्यास करणारी सल्लागार संस्था प्रकल्पवाल्याने नेमायची आणि तिची फीही त्यानेच द्यायची. ही या व्यवस्थेची जुनी दुखरी बाजू आहे, आणि कुठलंही सॉफ्टवेअर ती बरी करू शकत नाही.

2006 ची अधिसूचना कागदाच्या काळातली आहे. जनसुनावणीसाठी अर्ज करताना प्रकल्पवाल्याने अहवालाच्या मसुद्याच्या किमान 10 छापील प्रती आणि तितक्याच सॉफ्ट कॉपी द्यायच्या. त्या जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, स्थानिक संस्था अशा ठिकाणी ठेवायच्या. लोकांनी तिथे जाऊन वाचायच्या. सुनावणीची जाहिरात किमान 30 दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक दैनिकात द्यायची, आणि जिथे वर्तमानपत्र पोहोचत नाही तिथे दवंडीसारख्या मार्गाने कळवायचं. सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, जास्तीत जास्त दहा पानांचा.

प्रत्यक्षात काय होतं याचा दाखला जैतापूरचा आहे. अणुऊर्जा प्रकल्पाचा अहवाल नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने केला आणि 16 मे 2010 रोजी माडबनला सुनावणी झाली. मराठी प्रत वेळेत मिळाली नाही, मिळाली तीही सगळ्या गावांना नाही, ही ग्रामस्थांची तक्रार तेव्हा गाजली होती. त्याच वर्षी 28 नोव्हेंबरला 35 अटींसह मंजुरी निघाली. शंभर मैलांवरच्या माणसाला तो गठ्ठा बघायचा असता, तर एसटीने येऊन कचेरीच्या वेळेत बाकावर बसून वाचणं एवढाच मार्ग होता. झेरॉक्स मिळेल की नाही, हे समोरच्या बाबूच्या मर्जीवर.

त्या मानाने पुढचा बदल मोठाच म्हणायला हवा. 2014 च्या मध्यापासून मंजुरीचे अर्ज ऑनलाइन घ्यायला सुरुवात झाली. तेव्हा हे खातं पुण्याच्या प्रकाश जावडेकरांकडे होतं. 10 ऑगस्ट 2018 रोजी ‘परिवेश’ पोर्टल आलं आणि पर्यावरण, वन, वन्यजीव व किनारा नियमन या चारही मंजुऱ्या एका खिडकीत आल्या. 2022 पासून त्याची नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. तिच्यात नकाशे आहेत, आणि जागा दाखवली की कोणकोणत्या मंजुऱ्या लागतील ते सांगणारी सोयही आहे.

सल्लागाराच्या टेबलावर हे असं दिसतं. प्रकल्पाच्या हद्दीची केएमएल फाइल अपलोड करायची, म्हणजे गूगल अर्थवर उघडली की जागेची बाह्यरेषा थेट दिसते. मग सामायिक अर्ज भरायचा. कागद कमी पडले की पोर्टलवर ‘ईडीएस’ येतो, म्हणजे हव्या असलेल्या माहितीची मागणी. पूर्वी फाइल कुठे अडली हे विचारायला माणूस दिल्लीला पाठवावा लागे, आता ती कोणाकडे किती दिवस आहे ते पडद्यावर दिसतं. बैठकीची विषयपत्रिका आणि इतिवृत्तही तिथेच. हा फायदा खरा आहे, त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. आणि तो नुसता उद्योगांनाच झाला असंही नाही. गावातल्या एखाद्या तरुणाने मोबाइलवर इतिवृत्त उघडून ‘आमच्या गावाबद्दल समितीला हे खोटं सांगितलंय’ असं दाखवून देणं पूर्वी शक्यच नव्हतं.

पण पोर्टलवर चढतं काय? पीडीएफ. शेकडो पानांची. त्यातली बरीचशी आधी छापून, सही-शिक्का मारून, पुन्हा स्कॅन केलेली. संगणकाच्या लेखी ते नुसतं चित्र. त्यात शोध चालत नाही, त्यातले आकडे बाहेर काढता येत नाहीत. पत्रपेटी लोखंडाची होती ती काचेची झाली, आतलं पत्र तेच.

वर्तुळावर वर्तुळ

हे का महत्त्वाचं आहे ते कळायला ‘बेसलाइन’ म्हणजे काय ते पाहावं लागेल. प्रकल्प येण्याआधी तिथली हवा, पाणी, आवाज, माती, झाडं-प्राणी कसे आहेत याची नोंद म्हणजे बेसलाइन. साधारणपणे प्रकल्पाभोवती 10 किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ घेतात. पावसाळा सोडून एका हंगामाचं, म्हणजे तीनेक महिन्यांचं मोजमाप होतं. हवेचं यंत्र शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या गच्चीवर ठेवलं जातं, आठवड्यातून दोन दिवस, चोवीस तास चालवलं जातं. विहिरींचे, ओढ्यांचे नमुने प्रयोगशाळेत जातात. हे सगळं पैसे आणि कष्ट खाणारं काम असतं.

आता चंद्रपूर-घुग्घुसचा पट्टा घ्या. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, 2920 मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र. 10 किलोमीटर त्रिज्या म्हणजे साधारण 314 चौरस किलोमीटर, तेव्हा इथे जो कोणी नवा प्रकल्प किंवा विस्तार आणेल त्याचं वर्तुळ आधीच्या कितीतरी वर्तुळांवर पडणार. त्याच गावांतली हवा, त्याच नदीचं पाणी पुन्हा पुन्हा मोजलं जातं. हे सगळे आकडे एका तक्त्यात तारखेप्रमाणे लावले तर गेल्या पंधरा वर्षांत वर्धा नदीच्या काठच्या विहिरींचं काय झालं हे कोणीही पाहू शकेल. शिवाय प्रत्येक प्रकल्प वेगळा पाहिला की ‘मर्यादेत’ आणि सगळे मिळून पाहिले की मर्यादेबाहेर, हा खेळ थांबेल. पण ते आकडे वेगवेगळ्या पीडीएफांच्या परिशिष्टांत, स्कॅन केलेल्या प्रयोगशाळेच्या कागदांवर पडून आहेत. नवा सल्लागार शून्यापासून सुरुवात करतो आणि समितीही तेवढंच बघते.

ऑस्ट्रेलियातल्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याने इथेच वेगळी वाट धरली. तिथे 2018 पासून जैवविविधतेच्या सर्वेक्षणाची मूळ माहिती ठरलेल्या साच्यात, नकाशाच्या फाइलींसह सरकारजमा करावी लागते. नुसता अहवाल चालत नाही. ती सगळी एका सूचीत जाते आणि पुढच्या माणसाला वापरता येते. खाणींचंच राज्य आहे ते, पर्यावरणप्रेमाचा उमाळा आला म्हणून केलं असं मानायचं कारण नाही. त्याच त्याच सर्वेक्षणांवर पुन्हा पुन्हा खर्च होत होता, हे उद्योगांनाही कळत होतं.

रशियन जंगलाचा मुद्दाही इथेच सुटतो. पूर्वी कोणाला तरी बसून मजकूर कॉपी करावा लागायचा. आता एआयकडून नवाकोरा परिच्छेद मिळतो, जो कुठल्याही जुन्या अहवालाशी जुळणार नाही आणि तरीही धादांत खोटा असू शकेल. मजकूर ताडून पाहण्याचे दिवस संपत आले. यंत्राने कुठल्या अक्षांश-रेखांशावर, किती वाजता, काय मोजलं याची मूळ नोंदच मागितली, तर थापा मारणं अवघड होईल.

नकाशाला काय दिसतं

डिजिटल पद्धतीचा दुसरा मोठा आधार म्हणजे नकाशे. याची गरज समजून घ्यायला मोपा विमानतळाचा खटला पुरेसा आहे. गोव्याच्या पेडणे तालुक्यात, सिंधुदुर्गच्या हद्दीला लागून असलेल्या या प्रकल्पाला 2015 मध्ये ईसी मिळाली. अर्जाच्या नमुन्यात 15 किलोमीटरच्या आतली संवेदनशील क्षेत्रं नोंदवायची असतात. ती नीट नोंदवली नव्हती, अशा त्रुटींवर बोट ठेवत 29 मार्च 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी स्थगित केली आणि समितीला पुन्हा विचार करायला सांगितलं. फेरविचारानंतर जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली.

आता हा रकाना माणसाने भरायचाच कशाला? केएमएल टाकली की भोवतालचं वन, अभयारण्य, संवेदनशील गावं, नद्या पोर्टलनेच दाखवाव्यात आणि अर्जदाराने फक्त हरकत असेल तर सांगावी. यामुळे ‘विसरलो’ ही सबब संपते. माधव गाडगीळ समितीने 2011 मध्ये पश्चिम घाटासाठी असंच काहीसं केलं होतं. सगळा घाट अक्षांश-रेखांशाच्या पाच-पाच मिनिटांच्या चौकटींत, म्हणजे ढोबळमानाने नऊ किलोमीटर बाजूच्या चौरसांत विभागून प्रत्येकाला पर्यावरणीय महत्त्वाचे गुण दिले. त्या अहवालाचं पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे, पण पद्धत काळाच्या पुढची होती.

तरी नकाशावर डोळे मिटून विसंबू नये. कोकणातले जांभ्याचे सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, सरकारी नकाशात बहुतेकदा ‘पडीक’ किंवा ‘खडकाळ’ म्हणून रंगवलेले असतात. जून ते सप्टेंबर याच सड्यांवर जगात इतरत्र न आढळणाऱ्या वनस्पती फुलतात, डबक्यांत बेडकं अंडी घालतात. बारसूसारख्या ठिकाणी हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत, ती 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. बेसलाइनचा हंगाम पावसाळा सोडून धरायचा, म्हणजे सर्वेक्षणाची माणसं सड्यावर येतात तेव्हा तिथे वाळलेलं गवत आणि तापलेला दगड असतो. नकाशा म्हणतो पडीक, सर्वेक्षण म्हणतं काही नाही, पोर्टल हिरवा दिवा दाखवतं. तिघंही आपापल्या जागी बरोबर आणि निष्कर्ष साफ चुकीचा. इथल्या गुराख्याला विचारलं असतं तर त्याने कुठल्या महिन्यात कुठे काय उगवतं ते सांगितलं असतं. नकाशात दुरुस्ती सुचवायची सोय गावाला नसेल, तर संगणकाची चूक माणसाच्या चुकीपेक्षा जास्त चिवट ठरते. माणसाशी निदान भांडता तरी येतं.

घड्याळ कोणाचं

पोर्टल आलं की दिवस मोजता येतात, आणि जे मोजता येतं त्यालाच किंमत येते. सप्टेंबर 2022 मध्ये गुजरातमधल्या एकतानगरला पर्यावरणमंत्र्यांच्या परिषदेत पंतप्रधानांनी सांगितलं, की पूर्वी मंजुरीला 600 हून जास्त दिवस लागत, आता 75 लागतात. त्याच वर्षीच्या 17 जानेवारीला मंत्रालयाने राज्यांच्या प्राधिकरणांना तारांकित मानांकन देण्याचं पत्रक काढलं होतं. सरासरी 80 दिवसांच्या आत मंजुरी दिली तर दोन गुण, 105 च्या आत दिली तर एक, त्याहून उशीर झाला तर शून्य. ज्यादा कागद कमी वेळा मागितले, प्रत्यक्ष जागेची पाहणी कमी प्रकरणांत केली, तर तेही गुणांच्या हिशेबात चांगलं. टीका झाल्यावर छाननी सैल करण्याचा हेतू नसल्याचा खुलासा मंत्रालयाने केला. हेतू काहीही असो, कोकणातला सडा ऑगस्टमध्ये जाऊन बघणाऱ्या समितीचे गुण या हिशेबाने वाढत नाहीत. फाइल महिनाभर कोणाच्या कपाटात पडून राहणं आणि पावसाळ्याचा अभ्यास करायला महिनाभर थांबणं, हे दोन्ही त्या तक्त्यात सारखेच ‘उशीर’ ठरतात. माझ्या मते आपल्या डिजिटल व्यवस्थेतली सगळ्यात मोठी गफलत ही आहे.

गावाच्या बाजूचं घड्याळ मात्र जुनंच. 2020 मध्ये नव्या ईआयए अधिसूचनेचा मसुदा आला तेव्हा ते उघड झालं. टाळेबंदीच्या काळात, इंग्रजी-हिंदीत संकेतस्थळावर मसुदा टाकून हरकती मागवल्या. 30 जून 2020 ला दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली आणि आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत भाषांतर करायला सांगितलं. केंद्र त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याच मसुद्यात जनसुनावणीच्या नोटिशीची मुदत 30 वरून 20 दिवसांवर आणायचा प्रस्ताव होता. लाखो हरकती आल्या आणि मसुदा अंतिम झालाच नाही. पण देशाच्या पर्यावरण नियमांवर ऑनलाइन मत मागताना भाषेची आठवण न्यायालयाला करून द्यावी लागली.

भाषेची अडचण तांत्रिकही आहे. कायद्याने मराठीत हवा तो दहा पानांचा सारांश, पूर्ण अहवाल इंग्रजीतच. आणि तो मराठी सारांश बऱ्याचदा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. पडद्यावर छान मराठी दिसते, पण त्यातला शब्द कॉपी केला की तिरपागडी रोमन अक्षरं उमटतात. आपल्या गावाचं नाव टाकून शोध घेतला तर काही सापडत नाही. अंध वाचकाचं सॉफ्टवेअर तो कागद वाचू शकत नाही, भाषांतराचं यंत्रही नाही. मराठी सारांश युनिकोडमध्येच हवा अशी एका ओळीची अट घालायला खर्च काहीच येणार नाही.

ऑनलाइन सुनावणी हा जनसुनावणीला पर्याय नाही, हेही सांगायला हवं. दूरच्या माणसाला जोडून घ्यायला ती चांगली. पण मांडवात शेजारचा उठून बोलला की आपल्यालाही धीर येतो. पडद्यावर म्यूटचं बटण दुसऱ्याच्या हातात असतं. शिवाय पोर्टलच्या नव्या आवृत्तीनंतर पूर्वी सहज दिसणारे कागद आता सापडत नाहीत, अशी तक्रार पत्रकार आणि कार्यकर्ते करत आले आहेत. कागद उघड्यावर आहे की लॉगिनच्या पलीकडे, यावर गावाला त्या पोर्टलचा उपयोग आहे की नाही ते ठरतं.

कारण उशीर झाला तर दारच बंद होतं. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात जायला 30 दिवस, सबळ कारण असेल तर आणखी 60. त्यानंतर नाही. मंजुरी वर्तमानपत्रात छापणं, संकेतस्थळावर टाकणं, ग्रामपंचायतीत लावणं यांपैकी जे आधी रीतसर होईल तिथून दिवस मोजले जातात, असं न्यायाधिकरणाने धरलं आहे. म्हणजे पोर्टलवर आज पत्र चढलं आणि गावाला ते अडीच महिन्यांनी कळलं, तर हातात उरले पंधरा दिवस आणि पुण्याच्या खंडपीठापुढे उशिराची कारणं. आपल्या तालुक्याचं नाव नोंदवून ठेवलं की नव्या अर्जाचा आणि मंजुरीचा एसएमएस येईल, एवढी सोय बँकांना जमते तर पोर्टलला का जमू नये?

सगळ्यात कमी बोललं जातं ते मंजुरीनंतरच्या काळाबद्दल. ईसीसोबत पाच-पन्नास अटी असतात: एवढी झाडं लावा, धूळ दाबायला पाणी मारा, सांडपाणी बाहेर सोडू नका. त्या पाळल्याचा अहवाल दर वर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा असतो. 2016 साली महालेखापरीक्षकांनी याच देखरेखीवर ताशेरे ओढले होते. अति प्रदूषणकारी 17 प्रकारच्या उद्योगांच्या धुराड्यांवर आणि सांडपाण्यावर सतत मोजणी करणारी यंत्रं बसवलेली आहेत, त्यांचे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातात. उपग्रहाची चित्रं तर कोणालाही पाहता येतात. मंजुरीच्या आधीच काम सुरू झालं का, तलाव बुजवला का, हरितपट्टा खरंच वाढला का, हे घरबसल्या दिसतं. पण मंजुरीतल्या अटी, यंत्राचे आकडे आणि ही चित्रं एका पडद्यावर आणून ‘अट क्रमांक 14 मोडली’ असं आपणहून सांगणारी व्यवस्था नाही. अटी पुन्हा पीडीएफमध्ये आणि त्यांचं उत्तरही पीडीएफमध्ये, बहुतेक ओळींपुढे ‘पालन केले’ एवढंच.

हे सहामाही अहवाल 2006 च्या अधिसूचनेनुसार सार्वजनिक कागदपत्रं आहेत. ताजा अहवाल मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या संकेतस्थळावर असायला हवा, आणि अर्ज केला तर कोणालाही प्रत द्यावी लागते. महाराष्ट्रासाठी केंद्रीय मंत्रालयाचं प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे. अर्जात प्रकल्पाचं नाव, मंजुरीपत्राचा क्रमांक आणि कुठल्या सहामाहीचा अहवाल हवा एवढं लिहिलं तरी चालतं. स्कॅन न केलेली, शोधता येणारी प्रत हवी, असंही त्यातच लिहून टाकावं.